बिनऔषधाचं शेड

दर सोमवारी सकाळी साखराबाई पाटीत भरडा घ्यायची, त्यात बिभीषणच्या दुकानातली पिवळी पूड ओतायची, दोन्ही हातांनी चांगली कालवायची आणि डुकरांच्या गव्हाणीत टाकायची. बरोबर तिच्या डोक्यावर, शेडच्या पत्र्याला, संस्थेनं ठोकलेला बोर्ड होता: ‘येथे औषधाविना वराहपालन केले जाते. पालक: श्री. धुळाजी.’ साखराबाईला वाचता येत नव्हतं. पण बोर्डावर काय लिहिलंय ते अख्ख्या गावाला पाठ होतं, तसं तिलाही होतं. म्हणून कालवताना ती वर बघायची नाही.

धुळाजी, म्हणजे तिचा नवरा, त्या वेळी फाट्यावर गेलेला असायचा. बीडच्या हॉटेलांतलं उष्टं-खरकटं भरलेले पिंप घेऊन संस्थेचा टेम्पो तिथं यायचा. तो पिंप घेऊन परत येईपर्यंत गव्हाण चाटून पुसून लख्ख झालेली असायची. मग साखराबाई हात धुवायची आणि चहाला आधण ठेवायची.

आता तुम्ही म्हणाल, काय खोटारडी बाई आहे! म्हणा की. पण आधी सगळं ऐकून घ्या, मग तोंडाला येईल ते म्हणा.

या माणसांची मेंढरं होती. पिढ्यान् पिढ्या मेंढरं. दुष्काळाच्या दुसऱ्या साली बिंदुसरेचं धरण तळाला लागलं, धरणाकाठच्या पाली गावापासून इकडं गावापर्यंत हिरवी काडी राहिली नाही. गायी-म्हशींसाठी छावण्या उघडल्या, मेंढराला त्यांच्या छावणीत कुणी उभं करेना. मेंढरू काय जनावर नव्हतं? पण हे विचारायचं कुणाला! शेवटी मेंढरांचं खांड विकलं आणि नवरा-बायको ऊस तोडायला गेले. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं ‘एक कोयता’ म्हणतात, माणसं म्हणत नाहीत. त्याच हंगामात ट्रकाच्या फळीवरून साखराबाई डोक्यावरच्या मोळीसकट खाली आदळली आणि तिची कंबर कायमची धरली. पाचटाच्या कोपीत पडल्या पडल्या तिनं धुळाजीचा हात घट्ट धरला. म्हणाली, “काय बी करा, पर पुन्यांदा कोयता नगं.”

धुळाजीनं ते मनावर घेतलं. गावात वराहपालनाची सहकारी संस्था निघाली तेव्हा पहिलं नाव त्याचं. पांढरीशुभ्र, गुबगुबीत डुकरं मिळाली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. धनगराच्या घरी डुकरं! साखराबाईची सख्खी बहीण बायडाबाई दारात येऊन गेली, पण घोटभर पाणी घेतलं नाही तिनं. साखराबाई त्या दिवशी लई रडली. मग डोळे पुसून शेड झाडायला लागली, कारण बहिणीच्या पाण्यावाचून दिवस निघतो, डुकरांच्या पाण्यावाचून नाही.

पाणी संस्थेच्या टँकरचं होतं, खाणं संस्थेच्या पिंपाचं होतं. आणि संस्थेचा एक नियम होता. ज्याच्या शेडात महिन्यात दोन डुकरं मेली, तो रोग पसरवतो, त्याचा टँकर आणि पिंप बंद. हा नियम बघणारा सचिव म्हणजे बिभीषण. जनावरांच्या औषधाचं दुकानही त्याचंच. म्हणजे मेलं तर पाणी तोडणार बिभीषण, आणि मरू नये म्हणून पूड देणार तोही बिभीषणच. जनावराच्या डॉक्टरीणबाईकडं बावीस गावं होती, त्या कधीतरी उगवायच्या. बिभीषणचं दुकान रोज उघडं असायचं. मग पूड कोण घेणार नाही? सगळे घ्यायचे. डुक्कर धडधाकट असताना, काही दुखत-खुपत नसताना, नुसत्या धास्तीनं घालायचे.

आणि खरं सांगायचं तर साखराबाईला त्यात वावगं काही वाटलंच नाही. तिच्या सासऱ्याची रीत तीच होती. दसऱ्याच्या आधी तो निंबाचा पाला, कडू जिरं आणि हिंग उकळून काढा करायचा आणि खांडातल्या एकूण एक मेंढराला नळकांड्यानं पाजायचा, मग ते आजारी असो नसो. पाजायच्या आधी घरातल्या प्रत्येकानं त्यातला एक घोट घ्यायचा. “मुक्या जिवाच्या तोंडात घालायचं आन् आपुन लांब ऱ्हायचं, ह्ये धनगराचं काम न्हाई,” असं तो म्हातारा म्हणायचा. मेंढरं गेली, म्हातारा गेला, काढ्याच्या जागी पिवळी पूड आली. रीत तेवढी राहिली. डुकरांना पूड घातली की साखराबाई चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवायची आणि चिमूटभर धुळाजीच्या. दोघंही तोंडं वेडीवाकडी करायचे आणि हसायचे.

पहिला खोडा घातला तो डॉक्टरीणबाईंनी. मारुतीच्या पारावर बैठक बोलावून त्यांनी सरळ सांगितलं, “ही पूड रोगावरची आहे, खुराक नाही. चांगल्या जनावराला थोडी थोडी देत राहिलात की जंतू तिला सरावतात. मग खरं दुखणं आलं की औषध लागू पडत नाही. जनावरालाही नाही आणि त्याच्यात वावरणाऱ्या माणसालाही नाही. जागा कोरडी ठेवा, लस टोचून घ्या, स्वच्छ पाणी पाजा.”

“सोच्च पानी!” कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे खो खो हसले. टँकरचं पाणी गढूळ लाल यायचं, माणसंच ते फडक्यानं गाळून पीत होती.

धुळाजी मात्र हसला नाही. तो उठून उभा राहिला. “बाई येवढ्या लांबून उन्हातान्हात आल्यात ते काय थट्टा करायला? म्या बंद करतो पूड. आजपासून.” शेजारचा आसारामही उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या. डुकरवाला, डुकरवाला म्हणून हिणवून घेतलेल्या माणसासाठी गावात पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवत होतं. घरी येताना धुळाजीची चालच बदलली होती.

महिना भरला नाही तोच आसारामची दोन पिल्लं हगवणीनं गेली. बिभीषणनं नियम दाखवला आणि टँकर आसारामचं दार सोडून पुढं जायला लागला. दिवाळीच्या आत आसारामची जोडी पत्र्याची पेटी आणि दोन कोयते घेऊन साखराबाईच्या दारावरून गेली. आसारामच्या बायकोनं मान वर केली नाही. साखराबाईच्या कमरेत त्या दिवशी अशी कळ उठली म्हणता, की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती बिभीषणच्या दुकानात उभी.

“काकू, काकांनी तर पूड सोडली म्हनं?” बिभीषणनं डोळे बारीक केले.

“त्यांनी सोडली. म्या न्हाई सोडली. बांध पुडी, आन् त्वांड बंद ठिव.”

बिभीषणनं पुडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तोंड बंद ठेवलं. त्याचं काय जात होतं? साखराबाईनं नवऱ्याच्या पाठीमागं डुकरांना पूड घालायला सुरुवात केली. आणि रीत? रीत सोडायला तिचं मन धजेना. डुकरांना घालायचं आणि घरधन्याला नाही, म्हणजे सासऱ्याच्या नावाला बट्टा. शिवाय गावात हिवताप, हगवण, काय काय चाललेलं. एक चिमूट नवऱ्याच्या पोटात गेली तर त्याचं बरंच होईल, हा तिचा हिशेब. म्हणून सोमवारच्या चहात ती त्याच्यासाठी चिमूटभर टाकायची आणि वरून साखर मूठभर.

वर्ष गेलं. धुळाजीचं एकही डुक्कर मेलं नाही. डॉक्टरीणबाई आनंदानं मोहरून गेल्या. बाहेरच्या गावांचे लोक शेड बघायला यायला लागले. सव्वीस जानेवारीला संस्थेनं धुळाजीला शाल पांघरली, हातात नारळ दिला, आणि तो बोर्ड ठोकला. ठोकला कुणी, तर बिभीषणनं! तोंडात खिळे धरून, शिडीवर चढून, स्वतःच्या हातानं. खाली उतरल्यावर तो साखराबाईकडं बघून गालात हसला. त्या क्षणी तिला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. सांगायची वेळ होती ती आसाराम गेला तेव्हा. आता कसं सांगणार? नवरा शाल पुन्हा पुन्हा उलगडून घडी करून पेटीत ठेवत होता.

आणि मग पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात मोठ्या नरानं दावा साधला. व्यापाऱ्याच्या गाडीत चढवताना तो बिथरला, फिरला आणि त्याचा सुळा धुळाजीच्या उजव्या हाताला कोपराच्या खाली ओरबाडत गेला. जखम काही फार मोठी नव्हती. धुळाजीनं टँकरच्या पाण्यानं धुतली, साखराबाईनं हळद दाबली. दुसऱ्या दिवशी हात भप्प सुजला. तिसऱ्या दिवशी काखेत गोळा आला आणि ताप असा की अंगावर भाकरी भाजावी. गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन वाऱ्यावर गेलं. मग बिभीषणनं संस्थेचा टेम्पो काढला आणि धुळाजीला बीडला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंना कुणीतरी फोन केला, त्याही धावत आल्या.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पण मन लावून विचारत होते.

“बाबा, कशानं लागलं?”

“डुकराचा सुळा.”

“डुकरांना खाण्यात काही औषध घालता का? आणि तुम्ही गेल्या वर्षभरात कसलं औषध घेतलंय का? नीट आठवून सांगा. त्यावर सगळं अवलंबून आहे.”

धुळाजीनं खाटेवर पडल्या पडल्या आधी साखराबाईकडं पाहिलं, मग बिभीषणकडं, मग डॉक्टरीणबाईंकडं.

“न्हाई,” तो म्हणाला. “आमचं शेड बिनऔषधाचं हाय. बोर्ड हाय तसा. आन् म्या तर जन्मात गोळी खाल्ली न्हाई.”

“खरंय सर,” डॉक्टरीणबाई अभिमानानं म्हणाल्या. “माझ्या भागातलं एकमेव शेड आहे ते.”

साखराबाई पदर तोंडात धरून भिंतीला उभी होती. बोल गं बाई, बोल! शब्द पार ओठापर्यंत आले होते तिच्या. पण समोर डॉक्टरीणबाई होत्या, शेजारी बिभीषण जमिनीकडं बघत उभा होता, आणि खाटेवर तिचा नवरा होता, ज्याच्याजवळ त्या बोर्डाशिवाय मिरवायला दुसरं काही नव्हतं. तिनं मनाची समजूत घातली. एवढा मोठा दवाखाना, एवढी मोठाली इंजेक्शनं, होईल की बरं. उगाच अब्रू कशाला चव्हाट्यावर आणायची? ती गप्प राहिली.

डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला आणि तोवर नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. हात बोटांपासून वर काळा पडत चालला. चौथ्या दिवशी कागद आला आणि डॉक्टर तो फडकावत वॉर्डात आले. ते चिडले होते, आणि चिडण्यासारखंच होतं.

“मावशी, नेहमीचं एकही औषध या जंतूंवर चालत नाही. एकही नाही! असे जंतू आपोआप होत नाहीत, औषध पाजून पाजून होतात. पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी पहिल्याच दिवशी दुसरं, जालीम औषध लावलं असतं. आता ते लावतो, जीव वाचेल. पण हात ठेवता येणार नाही.”

जीव वाचला. उजवा हात कोपराच्या वरून गेला.

आठ दिवसांनी धुळाजी उशीला टेकून बसायला लागला. साखराबाई त्याला पेज भरवत होती. चमचा खाली ठेवून ती एकदम म्हणाली, “म्या मारलं तुमाला. म्या घालत व्हते पूड डुकरास्नी. आन् तुमच्या च्यात बी घालत व्हते, तुमचे वडील सगळ्यांला काढा पाजायचे तशी. सोमवारच्या सोमवारी.”

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यानं शिव्या द्याव्यात, लाथ मारावी, काहीही करावं.

“ठावं व्हतं मला,” धुळाजी म्हणाला.

“काय?”

“च्या कडू लागायचा की गं. सोमवारचाच कडू, आन् सोमवारचाच गोड मिट्ट. दोन वरसं पेलो. मला काय जीभ न्हाई? गव्हानीत बी पिवळं दिसायचं कडंला.”

साखराबाईनं पेजेची वाटी दूर सारली.  “ठावं व्हतं? आन् त्यो डॉक्टर इच्यारत व्हता तवा? तवा कावून न्हाई सांगितलं तुमी? दातखीळ बसली व्हती का?”

“तू भितीला हुबी व्हतीस. बिभीषण हुबा व्हता. म्या बोल्लो आस्तो तर समद्या गावानं तुला चोर म्हनलं आस्तं.” त्यानं उरलेल्या हातानं चादर ओढून घेतली. “आन् खोटं कशाला बोलू, साखरे. मलाबी त्यो बोर्ड पायजे व्हता. म्हनलं, डुकरं जगत्यात, बोर्ड ऱ्हातो, बायकू कमरंवर हात ठिवून का हुईना घरात ऱ्हाती. गप बसावं.”

 एकमेकांची अब्रू राखायला दोघं गप्प बसले होते, आणि त्या गप्प बसण्यात तीन दिवस गेले होते. साखराबाईला रडू आलं नाही. तिला राग आला, भयंकर राग. नवऱ्याचा, स्वतःचा, पत्र्यावरच्या त्या बोर्डाचा.

घरी आल्यावर पहिल्या सोमवारी तिनं कुदळीच्या टोकानं तो बोर्ड उचकटला आणि पाराकडं चालू लागली. संस्थेची बैठक होती, डॉक्टरीणबाईही होत्या. तिनं बोर्ड त्यांच्या पायाशी टाकला आणि सगळं सांगितलं. पूड सांगितली, चहा सांगितला, दवाखान्यात गिळलेला शब्द सांगितला. पूड कुणाच्या दुकानातून आणायची तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या बोर्डाकडं बघत राहिल्या.

पारावर अठरा जण बसले होते. अठराही जणांच्या गव्हाणीत पिवळी पूड होती, आणि साखराबाईला ते माहीत होतं. तिनं एकेकाकडं पाहिलं. एकजण विडीची राख झाडत होता, एकजण पायातला काटा शोधत होता. कुणाचं तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं बिभीषणनं. “म्या दुकानदार मानूस. गिऱ्हाईक मागतं, म्या देतो. पर काकू, तुमी संस्थेला फशिवलं. सरकारम्होरं आमचं नाक कापलं. आता तुमचा टँकर आन् पिंप बंद, नियम म्हंजी नियम.”

हात वर करा म्हटल्यावर अठरा हात वर झाले. टँकर दुसऱ्याच दिवशी धुळाजीचं दार सोडून पुढं गेला. पाचव्या दिवशी डुकरं व्यापाऱ्याच्या गाडीत चढली. त्यांची जागा मोकळी झाली तशी शेडात नुसती पिवळसर गव्हाण राहिली, आणि साखराबाईनं ती घासूनसुद्धा पाहिली नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मुकादम उत्तरेश्वर ऊसतोडीची टोळी भरायला गावात आला. फाट्यावर ट्रक उभा होता, पेट्या, भांडी, शेळ्या, लेकरं सगळं वर चढत होतं. साखराबाई कमरेला फडकं आवळून रांगेत उभी राहिली. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात धुळाजीचा उरलेला हात. धुळाजीनं ती शाल पांघरली होती, रिकामी बाही दिसू नये म्हणून.

“नाव?” उत्तरेश्वरनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

“साखराबाई. आन् ह्ये धुळाजी.”

“म्हंजी एक कोयता,” म्हणत त्यानं लिहून घेतलं.

मग उत्तरेश्वरनं वर पाहिलं. वाऱ्यानं शाल हलली आणि त्याची नजर बाहीवर गेली. त्यानं लिहिलेलं खोडलं. “न्हाई जमायचं, मावशी. ह्यांला ना तोडता यील, ना मोळी बांधता यील. अर्धा कोयता लिव्हतो.”

“अर्धा कावून?” धुळाजी कळवळून म्हणाला. “आमी दोघं हावोत की! म्या पाचट वडीन, बैलं हाकीन...”

साखराबाईनं त्याचा हात दाबला.

“लिव्हा, मुकादम, अर्धाच लिव्हा,” ती म्हणाली. “बाकीचा अर्धा म्या च्यात कालवून पाजलाय.”

उत्तरेश्वरला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं अर्धा लिहिला आणि पुढच्या जोडीला हाक मारली.